प्रवाहाकडे पाठ

१

सकाळचा चहा झाला की मी घरापासून पुलापर्यंत नदीच्या काठाने खाली जातो आणि त्याच वाटेने वर येतो. तेव्हाही जायचो. अडकलेली फांदी काढायची, काठावरचं गवत कुठे तुडवलंय ते बघायचं, कुठला मासा कुठे उभा आहे ते डोक्यात ठेवायचं. नदीच्या राखणदाराचं काम एवढंच, आणि ते मन लावून केलं तर दिवस पुरत नाही. माझी बायको ऑलिव्ह म्हणते, "हा मेला तरी दुसऱ्या दिवशी सहाला बूट चढवून बाहेर पडेल."

आमची चेरन नदी खडूच्या टेकड्यांतून येते. टेकडीत मुरलेला पाऊस झऱ्यांनी खालून वर निघतो. त्यामुळे पूर नाही, गाळ नाही, बारा महिने पाणी सारखंच थंड, आणि इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा मोजावा. अशा पाण्यात ट्राउट मासा एका जागी उभा राहतो. तोंड कायम वरच्या अंगाला, प्रवाहाकडे. वरून वाहत येईल ते खायचं आणि कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यायचं. म्हणून गळ टाकणारा खालून येतो, माशाच्या पाठीमागून. काठावर गुडघे टेकतो, कारण उभा माणूस माशाला दिसतो. मग पिसांची खोटी माशी माशाच्या पुढे, वरच्या अंगाला अलगद टाकतो. खालून वर, नेहमी. खाली तोंड करून दोरी सोडणारा माणूस आमच्याकडे चोरापेक्षा वाईट. मी एकदा एका न्यायाधीशाला त्यापायी गळाची काठी आवरायला लावून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी नदीच्या या पट्ट्याच्या मालकांनी बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला आणि सोडला. म्हणजे बघा.

तर १९५७ सालचा मे महिन्यातला शेवटचा सोमवार. मे-माशी निघायला दोन-तीन दिवस होते. ही पिवळट पंखांची माशी वर्षातून दोनच आठवडे पाण्यातून हजारोंनी वर येते, आणि एरवी महाबिलंदर असलेले मासे त्या दोन आठवड्यांत खुळावतात. सगळं वर्ष आम्ही त्या पंधरा दिवसांसाठी जगतो.

पुलावरून परत येताना पॉप्लरच्या झाडांपाशी, वळणावर थांबलो. तिथे अकरा मासे असतात. अकराच होते. पण अकराच्या अकरा खाली, पुलाकडे तोंड करून उभे होते.

मी काही कालचं पोर नाही. पाणी कुठे उलटं फिरत असेल तर तिथे मासाही उलटा उभा राहतो, हे मला ठाऊक होतं. मूठभर गवत उपटून पाण्यात टाकलं. गवत नाकासमोर सरळ पुलाकडे वाहत गेलं. पाणी नेहमीसारखंच होतं. मासेच फिरले होते.

प्रवाहाकडे पाठ करून उभं राहणं माशाला झेपत नाही. कल्ले उलटे दुमडतात, श्वास लागतो. ते अकराही धापा टाकत होते, शेपट्या लटपटत होत्या, तरी हलत नव्हते. समोर माशी वाहत आली तर खातही नव्हते. सगळे एकाच जागी बघत होते. मी त्यांची नजर धरून खाली बघितलं. पाणी, काठ, दूर पुलाची कमान, कमानीखाली सावली. बाकी काही नव्हतं.

२

त्या संध्याकाळी डॉक्टर आले. डॉक्टर स्टॅनर्ड. दरवर्षी मे-माशीच्या हंगामात ते आमच्या वरच्या खोलीत उतरायचे. मोठमोठ्या बंगल्यांची आमंत्रणं सोडून राखणदाराच्या घरी का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तिथे ऑलिव्हच्या हातचा ॲपल पाय मिळत नाही."

खरं कारण वेगळं होतं. त्याच्या आठ वर्षं आधी ऐन हंगामात ऑलिव्हला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर सुटीवर आलेले, हातात काठी. ती त्यांनी दाराशी टेकवली आणि तीन रात्री तिच्या उशाशी बसले. त्या वर्षीचे पंधराही दिवस त्यांनी नदीचं तोंड बघितलं नाही. मला हे त्यांच्यासमोर कधी बोलता आलं नाही. ते आले की मी त्यांचे बूट पुसून ठेवायचो, तेवढंच.

आमचं घर म्हणजे जुनी पाणचक्की. नदी स्वयंपाकघराच्या खालून जाते. फळ्यांखाली पाण्याचा आवाज अखंड चालू असतो, इतका की आम्हाला तो ऐकूच येत नाही. वरच्या अंगाच्या खिडकीशी ऑलिव्हचं भांडी घासायचं सिंक. खालच्या अंगाच्या खिडकीशी तिच्या वडिलांची, अमोसची, खुर्ची. म्हातारा माझ्याआधी इथला राखणदार. ब्याऐंशी वर्षांचा, कानाने अर्धा, पण डोळे घारीचे. दिवसभर त्या खिडकीतून खाली बघत बसायचा. मला वाटायचं, पुलावरची ये-जा बघतो.

जेवताना मी माशांची गोष्ट काढली.

"उलटे?" डॉक्टर हसले. "अरे हिबर्ड, माझ्यासारखेच म्हातारे झाले असतील. मीही परवा आंघोळीला निघालो आणि कपाटात शिरलो."

"तुम्ही घरी कोट घालून निजत असाल," ऑलिव्ह म्हणाली. "बाई नाही ना बघायला."

"बाई होती तेव्हाही निजायचो. ती फक्त बटणं काढायची." मग जरा गंभीर होऊन मला म्हणाले, "वरच्या शेतात काही औषध मारलंय का बघ. प्राणवायू कमी झाला की जनावरं विचित्र वागतात."

मला ते पटलं. पटावं अशीच गोष्ट होती. ते वर झोपायला गेले, ऑलिव्हने ताटं उचलली, आणि मी उठणार तोच अमोस बोलला. त्याने काही ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"कुठपर्यंत वळलेत?" त्याने विचारलं. खिडकीवरची नजर काढली नाही.

"पॉप्लरच्या वळणापर्यंत, बाबा."

"हं," म्हातारा म्हणाला. पुढे ताकास तूर लागू दिली नाही.

३

मंगळवारी पॉप्लरचे मासे सरळ झाले होते. मजेत चरत होते, काही झालंच नाही अशा थाटात. मला बरं वाटलं. चाळीस पावलं वर आलो आणि तिथले चार उलटे.

मी काठावर एक खुंटी ठोकली. बुधवारी खुंटीपाशी सगळं ठीक आणि चाळीस पावलं वर उलटे. दुसरी खुंटी. गुरुवारी तिसरी. वरच्या शेतात औषध मारलेलं नव्हतं, मी जाऊन विचारून आलो. आणि मारलं असतं तर विष वरून खाली आलं असतं. हे खालून वर येत होतं.

आणखी एक गोष्ट होती. ती मी डॉक्टरांना सांगितली नाही, ऑलिव्हलाही नाही. प्रत्येक खुंटीच्या थोडं खाली, काठावरच्या गवतात, दोन गोल खळगे पडलेले. शेजारी शेजारी. कुणी गुडघे टेकून बसलं की पडतात तसे. चोरून मासे धरणारा असेल म्हणावं, तर चोर दिवसाढवळ्या शिस्तीत गुडघे टेकून बसत नाही, तो जाळं लावून पळतो. हरीण बसलं असेल म्हणावं, तर हरणाचे खूर कुठे उमटले? माझे स्वतःचे बूट गवतात स्पष्ट उमटत होते. त्या खळग्यांकडे येणारं पाऊल नव्हतं, जाणारंही नव्हतं. आठवडाभर कोरडं ऊन होतं आणि गवत कोरडं खडखडीत. खळगे मात्र ओले होते. मी हात लावून बघितला. पाणी झऱ्याइतकं गार होतं.

सांगायला लाज वाटते, पण हात मी विजारीला तीनदा पुसला.

तिथून वर बघितलं. पुढच्या चाळीस पावलांवर एक जुनं कुंपण, आणि त्याच्या पुढच्या चाळीसांवर विलोचं वाकडं झाड. विलोखाली डॉक्टरांची जागा. तीन वर्षांपासून तिथल्या एका थोराड माशावर त्यांचा डोळा होता, आणि तो मासा त्यांना दर वर्षी वाकुल्या दाखवून जायचा. मी मनात गणित केलं. शनिवार.

४

गुरुवारी संध्याकाळी ऑलिव्ह शेजारणीकडे गेली होती. डॉक्टर बागेत पाइप ओढत होते. मी अमोससमोर स्टूल ओढून बसलो आणि खळग्यांचं सांगितलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, हळूच. म्हाताऱ्याचे हात गुडघ्यांवर होते, ते त्याने घट्ट धरले.

"डॉक्टरला सांग," तो म्हणाला, "बसायचं तर खाली, पुलाकडे तोंड करून बस. पाठ वरच्या अंगाला."

"काय?"

"ऐकलंस तू."

"बाबा, ते मासे धरायला येतात. खाली तोंड करून कसं..."

"मासे धरायचे असतील तर नको बसू म्हणावं. जेवायला घरी ये. पण काठावर बसलास तर तोंड खाली. मला माझ्या बापाने सांगितलं, मी तुला सांगतोय."

"पण का?"

"मी विचारलं नाही. बापानेही त्याच्या बापाला विचारलं नसणार." मग पहिल्यांदा त्याने खिडकीवरची नजर काढली. एक क्षणभरच माझ्याकडे बघितलं आणि परत खाली. "बघणाऱ्याच्या तोंडावर कुणी येत नाही, रूबेन. सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगायचंच होतं मला. शुक्रवारी दुपारी मी विलोपाशी गेलो ते त्यासाठीच. डॉक्टर गवतात बसून दोरीला माशी बांधत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टोपीच्या पट्ट्यात खोवलेल्या सात-आठ माश्या, तोंडात दोरीचं टोक. त्यांच्यासमोर पाण्यात थोराड मासा वर तोंड करून उभा, निवांत. मला हायसं वाटलं. आज नाही, मी म्हटलं. उद्या.

"डॉक्टर, एक बोलायचं होतं."

"बोल की." दोरी तोंडातून काढली. "थांब, आधी मी सांगतो. गेल्या आठवड्यात क्लबात तुझी ती न्यायाधीशाची गोष्ट पुन्हा सांगितली. माणसं हसून हसून लोळली. म्हटलं, इंग्लंडात अजून एक माणूस शिल्लक आहे ज्याला खाली दोरी सोडलेली खपत नाही. राणी आली तरी तो तिला हाकलेल." त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली. "अभिमान वाटतो रे तुझा. हं, काय म्हणत होतास?"

आता काय सांगू? की डॉक्टर, आमचा म्हातारा म्हणतो, तुम्ही खाली तोंड करून बसा? मी? त्यांना? एवढीशी गोष्ट, दहा शब्दांची, आणि ती माझ्या तोंडून निघेना.

"उद्या हवा चांगली राहील," मी म्हणालो. "माशी निघेल."

५

निघाली. शनिवारी दुपारी चारला पाण्यावर माशी इतकी दाटली की वरून भुसा टाकल्यासारखं वाटावं. लख्ख ऊन. मी विळा घेऊन पलीकडच्या कुरणातून येत होतो. नदी तिथे अरुंद आहे, काठाकाठात वीस पावलांचं अंतर.

विलोखाली डॉक्टर गुडघ्यांवर बसलेले दिसले. पाठ ताठ, काठी वर, नजर त्या थोराड माशाच्या जागेवर. मला आनंदच झाला. आज मिळणार, मी म्हटलं.

मग त्यांच्या मागे, खालच्या अंगाला, तीसेक पावलांवर दुसरा माणूस दिसला. तोही गुडघ्यांवर.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. पुलाखालचा पट्टा दुसऱ्या मालकाचा. मला वाटलं, त्यांचा कुणी पाहुणा मासे चढताना बघून इकडे सरकला. चूक त्याची, पण वागणं मात्र सुरेख. पुढे कुणी माशावर बसलेला असेल तर मागच्याने गुडघे टेकून गप्प थांबायचं, त्याचं होईपर्यंत पुढे यायचं नाही, ही आमची रीत. हा माणूस तशीच वाट बघत होता. कोट आमच्या सगळ्यांसारखाच, शेवाळी. उजवा हात काठी धरल्यासारखा पुढे. काठी दिसेना, पण उन्हात बारीक काठी नाहीच दिसत, मी स्वतःला समजावलं. आणि काठावर हाक मारायची नाही हे तर माझ्या हाडात मुरलेलं. एक हाक आणि डॉक्टरांचा तीन वर्षांचा मासा गेला.

म्हणून मी कुरणाच्या कुंपणाआडून वळसा घालून डॉक्टरांच्या समोरासमोर आलो. शंभर पावलांचा वळसा. कुंपणाच्या फटीतून बघितलं.

तो माणूस आता डॉक्टरांपासून पंधरा पावलांवर होता. गुडघ्यांवरच. उठलेला मी बघितला नव्हता, चाललेला बघितला नव्हता. कोटाच्या कडांमधून पाणी गळत होतं आणि गवतावर पडत होतं. एवढ्या उन्हात.

मी पाण्यात बघितलं. थोराड मासा खाली तोंड करून उभा होता. त्याच्या मागचा, त्याच्या बाजूचा, विलोच्या मुळांतली पिल्लंसुद्धा. माशी त्यांच्या डोक्यावरून वाहत जात होती आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं. डॉक्टर पन्नास वर्षं गळ टाकणारा माणूस. त्यांना दिसलं नाही का? दिसलं असणार. ते डोळे बारीक करून पाण्यात बघत होते, भुवया चढलेल्या, ओठांवर ते कपाटात शिरल्यासारखं हसू. नवल वाटत होतं त्यांना. मासे कुठे बघताहेत ते बघायला त्यांनी फक्त मान वळवायची होती.

पुन्हा वर बघितलं तेव्हा तो आठ पावलांवर होता.

हाक घशापर्यंत आली, शपथेवर सांगतो. तोंड उघडलं होतं मी. आणि त्याच वेळी डॉक्टरांनी काठी मागे घेतली, दोरी हवेत उलगडली, पुढे गेली. इतकी सुंदर फेक मी आयुष्यात बघितली नाही. एकोणीस वर्षांची सवय. फेक चालू असताना बोलायचं नाही. माझे डोळे दोरीबरोबर गेले, माशी पाण्यावर टेकेपर्यंत.

तेवढाच वेळ. श्वास घेऊन सोडण्याइतका.

६

काठी गवतावर आडवी होती. दोरी पाण्यात, माशी अजून तरंगत खाली चाललेली. काठावर कुणी नव्हतं.

मी नदीत उडी घातली आणि पलीकडे गेलो. कमरेइतकं पाणी. गवतात दोन खळगे, कोरडे, उबदार. त्यांच्या मागे वीतभर अंतरावर आणखी दोन, ओले. त्यापुढे काही नाही. तुडवलेलं गवत नाही, पाऊल नाही. पाणी ढवळलं होतं ते मीच ढवळलं होतं, आणि तेही लगेच निवळलं. थोराड मासा वर तोंड करून उभा राहिला आणि एकामागून एक माश्या टिपू लागला. त्याचं तोंड मिटल्याचा बारीक आवाज येत होता. विळा हातात धरून मी तिथे किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

पोलीस आले. दोरखंड, होड्या, सगळं झालं. इन्स्पेक्टर भला माणूस होता. तो मला म्हणाला, "हिबर्ड, हृदयाचा झटका येऊन पाण्यात पडले असतील."

"मग दिसले असते साहेब. इथे पडलेलं नाणं दिसतं."

"प्रवाहाने नेलं असेल."

"पुलाखाली जाळी आहे. हिवाळ्यात मेलेलं बदक तिथे अडकतं."

त्याने वही मिटली. दुसऱ्या माणसाचं मी त्याला काही सांगितलं नाही. पुलाखालच्या पट्ट्यावर त्या दिवशी कुणी पाहुणा आलाच नव्हता, हे मी तोवर विचारून घेतलं होतं.

घरी आलो तेव्हा ऑलिव्ह दारात उभी होती. डोळे रडून सुजलेले. आत खुर्चीवर अमोस, खाली बघत.

"बाबांनी मला दहाव्या वर्षीच सांगितलं होतं ते," ती म्हणाली. "मी नदीवर बसले तर खाली तोंड करूनच बसते, तू कधी बघितलंच नाहीस. काल बाबा म्हणाले, रूबेनला सांगितलंय, तो डॉक्टरांना सांगेल. तू सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "हसले."

अमोसने मान वळवली नाही. पण त्याचे हात गुडघ्यांवर पुन्हा घट्ट झाले, आणि मला कळलं की म्हाताऱ्याला आज सगळं ऐकू आलंय.

७

सतरा वर्षं झाली. अमोस चार वर्षांनी त्याच खुर्चीत गेला, डोळे उघडे ठेवून. माणसं म्हणाली, हिबर्डला जरा वेड लागलंय, पाहुण्यांना सांगतो की खाली तोंड करून बसा. सांगतो. प्रत्येकाला सांगतो, मोठ्याने. हसतात. न्यायाधीशाच्या गोष्टीची जागा आता त्या गोष्टीने घेतलीय. हसू देत. एकाला सांगायचं राहिलं, ते काही भरून निघत नाही.

इतकी वर्षं मासे नीट उभे होते. या मे महिन्यात पुन्हा वळले. पॉप्लरपाशी नाही. विलोपाशी, जिथे राहिलं होतं तिथून पुढे.

मी खुंट्या ठोकल्या नाहीत. विलोपासून घरापर्यंत किती पावलं आहेत ते मला झोपेतही सांगता येतं. पाहुण्यांना पत्रं टाकून येऊ नका म्हटलं. आज सकाळी स्वयंपाकघरातली फळी उचलून खाली बघितलं. घराखालच्या सावलीत सहा मासे असतात. सहाही धापा टाकत होते, तोंडं अमोसच्या खिडकीकडे.

फळी बसवली. अमोसच्या खुर्चीत जाऊन खाली बघत बसलो. दुपारचे चार वाजलेत, बाहेर मे-माशी दाटलीय, लख्ख ऊन आहे. चाळीस पावलांवर, आमच्या बागेच्या कडेला, गवतात एक माणूस गुडघ्यांवर बसलाय. तोंड घराकडे. टोपीच्या कडेखाली सावली आहे, चेहरा दिसत नाही. टोपीच्या पट्ट्यात सात-आठ माश्या खोवलेल्या आहेत. उजवा हात पुढे.

ते हलत नाहीत. पापणी लवली तर मला वाटतं की थोडे जवळ आले, पण नक्की सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उजव्या डोळ्यावर पडदा येतोय. डावा चांगला आहे अजून.

माझ्या पाठीमागे ऑलिव्ह भांडी घासत होती, वरच्या खिडकीकडे तोंड करून, नदीच्या खालच्या अंगाला पाठ. मी म्हणालो, "ऑलिव्ह, भांडी राहू देत. इकडे ये. उलटी चालत ये, पाठ माझ्याकडे करू नकोस," आणि मग मलाच कळेना मी काय बोलतोय. पण ती अमोसची मुलगी. नळ बंद झाला. तिने हात पुसलेले ऐकू आले. स्टूल ओढलं आणि ती माझ्या शेजारी बसली, खाली तोंड करून.

फळ्यांखाली पाणी वाहत होतं आणि त्यात मधूनच शेपटी आपटल्याचा आवाज येत होता.

"टोपी त्यांची आहे," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी माझ्यासाठी तीन रात्री डोळा मिटला नव्हता."

"हो."

"बाबांचा शब्द कानावर पडला असता तर डॉक्टर हसले नसते, रूबेन. थट्टा करत का होईना, पण फिरून बसले असते. बाबांचं त्यांनी कधी मोडलं नाही." तिचा आवाज शांत होता. "तू त्यांना सांगितलंच नव्हतंस."

"नाही," मी म्हणालो. वळून तिच्याकडे बघायला हवं होतं, एवढं तरी. पण दिवस मावळायला अजून पाच तास होते, आणि दोघांपैकी कुणालाच नजर काढता येत नव्हती.